ताटाची डावी बाजू

माझ्या मायनं सव्वीस वर्षं माझ्या बापाच्या उष्ट्या ताटात जेवण केलं. यात नवल काही नाही. पवनीकडच्या गावांत तेव्हा घरोघर तेच चालू होतं. नवरा जेवून उठला की बायको त्याच ताटात आपला भात घेणार. याला लोक मान म्हणत. मी म्हणत नाही. पण त्या वेळी मी तोंड उघडलं नव्हतं. मी बापाच्या शेजारी पाटावर बसून जेवत होतो आणि माझंही ताट तीच उचलत होती. हे आधीच लिहून टाकलेलं बरं.

बाप धनीराम, माय धुरपता, मी जागेश्वर. बहीण चंद्रकला लाखनीला दिलेली. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, आठ एकर धानाची शेती, एक बैलजोडी. म्हणजे उपाशी मरणारं घर नव्हतं. हे सांगावं लागतं, कारण माय अर्धपोटी राहिली म्हटलं की लोकांना लगेच दुष्काळ आठवतो. दुष्काळ नव्हता. ढोलीत धान भरपूर होतं. पण आजीनं लावून दिलेलं एक माप होतं, तेवढाच तांदूळ रोज शिजायचा, आणि वाढण्याचा एक क्रम होता. त्या क्रमात माय शेवटी.

बापाची थाळी काशाची, जड. तो मागून कधी खायचा नाही. थाळीच्या काठावर बोटानं टक् करायचा, की मायनं वाढायचं. दुसऱ्यांदा टक् करायची वेळ आली तर थाळी आंगणात. त्या थाळीच्या काठाला तीन पोचे होते, तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत पडलेले. जेवून झालं की थाळीतच हात धुवायचा. ते पाणी सांदवाडीत, घरामागच्या वाडीत, फेकून माय त्याच थाळीत गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, बुडाचा भात घ्यायची. वरण उरलं तर वरण, नाही तर मीठ-तिखट. मासळी असली की रस्सा तिचा, तुकडे आमचे. आणि मरळीचं मुंडकं बापाचं. मुंडकं म्हणजे घरच्या धन्याचा घास. मायनं ते जन्मात खाल्लं नव्हतं. माहेरी होती तेव्हा ते तिच्या बापाचं होतं.

एक्याऐंशी सालची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, धान कापायला आलं होतं. बाप धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून मजुरांना शिव्या देत होता आणि शिवी अर्धी असतानाच खाली बसला. मग आडवा झाला. बैलबंडीत घालून पवनीला नेला, तिथून भंडाऱ्याला. बारा दिवस दवाखान्यात काढले. घरी आणला तेव्हा डावा हात मेलेल्या सापासारखा लोंबत होता, डावा पाय घासत होता. बोलणं शाबूत होतं, पण बोलायचा कमी. गावानं सांगितलं, लकवा. गल्लीतल्या श्यामरावनं कबुतर आणून दिलं, त्याचं रक्त हाताला चोळलं. हात लाल झाला, हलला नाही.

आता ताटाचं सांगतो.

बाप उजव्या हातानं जेवू शकत होता. फक्त हात थाळीत धुताना पाणी अंगावर सांडायचा, म्हणून माय वेगळ्या गंजात त्याचा हात धुऊन द्यायला लागली. त्यामुळं थाळी कोरडी राहायची. आणि पहिल्याच आठवड्यात तिनं पाहिलं की थाळीत अर्धं जेवण शिल्लक आहे. चिवडलेलं नाही, सांडलेलं नाही. मधोमध सुरी फिरवावी तसं. उजवीकडची बाजू पुसून खाल्लेली, डावीकडं भात, भाजी, वरण जसं वाढलं तसं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, तोंडाला चव नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी होती, बापाच्या आवडीची. तीही अर्धी. माय थाळीकडं पाहत बसली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडावा तसा तो भात हळूच मोडून खाल्ला. गरम होता अजून. गरम भात आणि भाजी एकाच वेळी तिच्या तोंडात बहुतेक चंद्रकलेच्या लग्नानंतर पहिल्यांदाच गेली असावी.

"त्याइनं ठेवलं," ती मला म्हणाली.

"कोणासाठी?"

ती खाली पाहून जेवत राहिली.

महिनाभर हेच चाललं. बाप रोज दोन्ही वेळा अर्धं ताट सोडायचा, माय ते खायची. गोष्ट गल्लीत गेली. समोरची कुंताबाई पाण्याला जाताना दारात थांबली.

"काव धुरपताबाई, खरं होय का? तुह्या बुढ्यानं तुह्यासाठी अर्धं ताट सोडलं म्हणते."

"कोन म्हणते?"

"कोन म्हणते काय! तुह्ये गालच सांगून राहिले. भरले ना थोडे. आमचा बुढा तं बोटंसुदिक चाटून उठते. त्यालेही येऊन जावो बाप्पा एखादा लकवा."

"हट! असं बोलू नोको व."

"लकवा झाला तं अक्कल आली. बाकीच्याइले कधी येईन?"

दोघी हसल्या. मायला हसताना मी पाहिलं, आणि मला राग आला. कोणावर ते कळलं नाही. या माणसानं तिला सव्वीस वर्षं थाळीचं धुतलेलं पाणी फेकायला लावलं, आणि आता अर्धी मूठ भात सोडला तर ही एवढी खूश. पण ते मी बोललो नाही. माणूस बदलला असेल, म्हटलं. मरणाच्या दारात जाऊन आलेला माणूस बदलतो असं ऐकून होतो.

मग पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, महिन्यात मासे धरणाऱ्या चिंधूनं मरळ आणून दिली, हातभर लांब. मायनं रस्सा केला. मुंडकं थाळीत ठेवलं, नेहमीसारखं. भाताच्या पलीकडं, डावीकडं जागा होती तिथं पडलं. बाप जेवला. तुकडे खाल्ले, काटे काढून उजव्या काठावर रचले. उठला.

मुंडकं तसंच होतं.

मायनं थाळी उचलली नाही. बराच वेळ ती तिथंच बसून राहिली. मी विचारलं, "खात काहून नाहीस?"

"मुंडकं ठेवलं रे जागो त्याइनं."

तिनं ते खाल्लं. कसं खायचं ते तिला नीट माहीत नव्हतं. डोळ्याजवळचं मांस राहिलं, मी दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. तोंड नेहमीसारखंच होतं. फक्त खाऊन झाल्यावर ती सपरीत, पुढच्या पडवीत, जाऊन बापाच्या पायाशी बसली आणि मेलेला डावा पाय चेपत राहिली. बाप दुसरीकडं, उजवीकडं पाहत होता.

त्याच महिन्यात हात भाजला. थंडी होती, शेगडी बाजूला होती. बापाचा डावा हात घसरून निखाऱ्यात गेला. त्याला पत्ता नाही. नाक वर करून म्हणतो, "काय जळून राहिलं बे? कोनाचं जळून राहिलं?" मी धावत येऊन हात ओढला. तीन बोटांची कातडी गेली होती. "तुमचा हात जळून राहिला," मी ओरडलो. बापानं उजवा हात उलटापालटा करून पाहिला. म्हणाला, "मले तं काही नाही झालं."

त्यानंतर आठ दिवसांनी जीप आली.

जीपमध्ये डॉक्टर गभणे. तीस-बत्तीसचा माणूस, चष्मा, पायात बूट. नागपूरला लकव्यावर संशोधन करत होता. लकव्यातून उठलेली माणसं घरी गेल्यावर कशी सुधरतात, कोण सुधरते, कोण नाही, हे त्याला पाहायचं होतं. भंडाऱ्याच्या कागदांवरून आमचं नाव काढून आला होता.

"मी लाखनीचाच आहो जी, काकाजी," तो बापाला म्हणाला. बापानं मान हलवली. लाखनीचा असो नाही तर लंडनचा.

डॉक्टरनं बापासमोर एक कागद ठेवला. त्यावर बारक्या बारक्या रेघा, तिळासारख्या विखुरलेल्या. हातात पेन्सिल दिली. "एकएक रेघ काटा. एकही सोडू नोका."

बापानं उजव्या बाजूच्या रेघा एकएक करून नीट काटल्या. मधोमध आला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"झालं."

"सगळ्या काटल्या?"

"आंधळा समजून राहिले काय मले?"

डावीकडचा अर्धा कागद कोरा होता. मी पाहत होतो, माय दाराशी उभी राहून पाहत होती. डॉक्टरच्या तोंडावर खुशी आली. ती खुशी मी विसरलो नाही. पारध्याला तितर दिसल्यावर येते तशी.

"जेवण कसं आहे, काकाजी? पोट भरते का?"

बाप म्हणाला, "नाही भरत."

माय पुढं आली.

"काहून भरत नाही?" डॉक्टरनं विचारलं.

"अर्धाच भात वाढते बाई. दोन महिने झाले. माह्या हातानं काम होत नाही आता. काम अर्धं, तं भात अर्धा." तो उजवीकडच्या भिंतीकडं पाहत बोलत होता. "बरोबरच आहे म्हणा. बसून खाणाऱ्याले कोन पोटभर देते?"

कोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली.

माय म्हणाली, "मी अर्धं वाढते?"

इतके दिवस हा माणूस रोज दोन वेळा आपल्यासमोर अर्धी थाळी आली असं समजून ती खात होता, आणि मागत नव्हता, कारण मागणं त्याच्या रीतीत नव्हतं. टक् करायची त्याची हिंमत गेली होती.

डॉक्टरनं थाळी मागवली. भात वाढायला लावला. बाप अर्धा खाऊन थांबला. मग डॉक्टरनं काही न बोलता थाळी फिरवली, डावं उजवीकडं आणलं. बाप दचकला. "हा कुठून आला?" म्हणाला, आणि उरलेला भात घाईघाईनं खाल्ला. सगळा. बोटं चाटली.

"पाह्यलं, मावशी?" डॉक्टर म्हणाला. "डोळे चांगले आहेत त्याइचे. पण डोक्याचा जो भाग डावीकडं ध्यान देते, तोच मार खाल्ला. डावीकडं काही आहे हेच डोकं विसरून गेलं. हात, पाय, ताट, सगळं."

"नाही जी," माय म्हणाली. "तसं नाही होय. त्याइनं माह्यासाठी ठेवलं होतं. मुंडकंसुदिक ठेवलं होतं मरळीचं."

डॉक्टरला हे कळलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, आमच्या घरी माय बापाच्या ताटात जेवते. डॉक्टरच्या घरीही तेच असावं, कारण त्यानं नजर खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. पुन्हा त्यावर बोलला नाही.

"आणखी एक पाहू," तो बापाला म्हणाला. "काकाजी, डोळे बंद करा. समजा, तुम्ही बोडीच्या पारीवर उभे आहात. तोंड गावाकडं. काय काय दिसते, सांगा."

आमची गल्ली बोडीपासून, म्हणजे गावच्या तळ्यापासून, निघून मारोतीच्या देवळापाशी संपते. बोडीच्या पारीवरून, तळ्याच्या बांधावरून, पाहिलं तर आमचं घर डाव्या हाताला, कुंताबाईचं उजव्या. बापानं डोळे बंद केले. "कुंताबाईचं घर. श्यामरावचं घर, त्याचा फणस. डोमाचं घर. देऊळ."

"आणखी?"

"बस. एवढंच आहे गाव."

त्याचं स्वतःचं घर गावात नव्हतं.

"आता देवळापाशी उभे राहा. तोंड बोडीकडं. सांगा."

"टिकारामचं घर. मंग आपलं. आपला कोठा. बैल. सांदवाडी, तिच्यात लिंबू. उकिरडा." कुंताबाई, श्यामराव, डोमा आता गायब.

"तुमच्या घरात कोन कोन आहे?" डॉक्टरनं विचारलं. हे त्याच्या कागदावर नव्हतं. आपल्या मनानं विचारलं.

"बैल आहेत ना दोन," बाप म्हणाला. "जागो आहे."

माय पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती, बापाच्या उजव्या हाताला. पेला तिनं डॉक्टरला दिला आणि आत गेली. आता याच्यावर कोणी म्हणेल, घरात बायको आहे हे काय सांगायचं असते? भिंत आहे, हे कोणी सांगते काय? मीही तेच म्हणालो तिला. ती ऐकत नव्हती. तांदूळ निवडत होती. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होती.

डॉक्टरचा इलाज साधा होता. औषध नाही, सुई नाही. काही माणसांना तो शिकवून पाहणार होता, काहींना तसंच सोडणार होता, आणि तीन महिन्यांनी दोघांमधला फरक मोजणार होता. बाप शिकवायच्या लोकांत निघाला. थाळीच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावायची. जेवताना दरवेळी सांगायचं, आधी लाल पट्टी शोधा, मग जेवा. मान वळवायची सवय लागली की डोकं हळूहळू डावी बाजू धरते.

"हे नाही केलं तं?" मी विचारलं.

"तं माणूस असाच राहीन. अर्धं खाईन, सुकत जाईन. हात पुन्हा जाळून घेईन. एखाद्या दिवशी डावीकडून बंडी येईन, दिसणार नाही." मग मायकडं पाहून म्हणाला, "वाढणारं माणूसच करू शकते हे. मी नागपुरात, तुम्ही इथं. आता तुमच्याच हाती आहे, मावशी."

मला त्यानं एक वही दिली. रोजच्या जेवणाचा एक गोल काढायचा आणि ताटात जेवढं उरलं तेवढं पेन्सिलीनं काळं करायचं.

लाल चिकटपट्टी राखेनं घासताना दुसऱ्याच दिवशी निघाली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात तो लाल रंग डब्यात उरला होता, तो मी काठाच्या बाहेरून लावला. थाळी तयार झाली.

मायनं चार दिवस काहीच केलं नाही.

लाल काठाची थाळी ठेवायची, वाढायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. बाप अर्धं खाऊन उठायचा. माय अर्धं खायची. मी गोल काढायचो, डावीकडून अर्धा काळा. मला सगळं कळत होतं. तिलाही कळत होतं. समोर माणूस उपाशी उठतो आहे, त्याला वाटतं आहे बायको हात आखडते, आणि ती त्याची चूक दुरुस्त करत नाही. कोणी याला पाप म्हणेल. मी त्या चार दिवसांत तिला एक शब्द बोललो नाही. वाटलं, खाऊ दे. सव्वीस वर्षांचे अर्धे किती होतात?

पाचव्या दिवशी थाळी तिच्या पुढ्यात होती. तिनं घास केला, तोंडाजवळ नेला, परत ठेवला.

"गिळत नाही," ती म्हणाली.

"काहून?"

"देल्लेलं होतं तंवरी जात होतं." तिनं थाळी बाजूला सरकवली. "हे तं आंधळ्यापुढचं उचलल्यासारखं होते."

त्या संध्याकाळपासून ती बापाच्या डाव्या बाजूला बसायला लागली. आणि तिनं बापाला असं शिकवलं की डॉक्टरला जमलं नसतं. प्रेमानं नाही. गोऱ्ह्याला नांगराला जुंपायला शिकवतात तसं. बाप अर्ध्यावर थांबला की ती थाळीच्या लाल काठावर बोटानं टक् करायची. बाप हलायचा नाही. पुन्हा टक्. मान थोडी वळायची. पुन्हा टक्, टक्, लाल दिसेपर्यंत.

"काय व, काहून वाजवून राहिली?"

"लाल पाहा."

"पाह्यलं."

"नाही पाह्यलं. लाल पाहा."

एकदा बाप चिडला. "टक् माह्यं होय," म्हणाला. मायनं पुन्हा टक् केलं. त्यानं मान वळवली, भात दिसला, खाल्ला.

माझ्या वहीतले गोल बदलत गेले. आधी अर्धा काळा, मग नखाएवढी कोर, चतुर्थीच्या चंद्रासारखी. होळीपर्यंत कोर बारीक होत गेली. बाप कपडे घालताना डावी बाही शोधायला लागला. डावा हात हलत नव्हता, पण बसताना तो आता उचलून मांडीवर ठेवायचा. शेगडीपासून लांब बसायचा. अंगावर मांस आलं.

मायचे गाल पुन्हा आत गेले. आजीचं माप तेच होतं, तेवढाच तांदूळ शिजत होता. बाप आता पूर्ण खात होता, मी पूर्ण खात होतो. जास्त तांदूळ घाल असं सांगायला दोन शब्द लागतात. बापानं सांगितलं नाही. मी? माझी वही नीट चालू होती. एकही दिवस गोल चुकला नाही.

कुंताबाईनं पुन्हा विचारलं, "काव, सोडते ना अर्धं?"

"नाही. सुधरले आता," माय म्हणाली.

"हाय रे दैवा! इतक्या लवकर?"

या वेळी दोघींपैकी कोणी हसलं नाही.

चैत्र संपता संपता डॉक्टर गभणे परत आला. बोडी आटत आली होती, गावात सगळीकडं मासळीचा वास होता. त्यानं पुन्हा रेघांचा कागद ठेवला. बापानं वेळ लावला, पण डावीकडच्या कोपऱ्यातल्या दोन रेघा सोडून सगळ्या काटल्या. पारीवर उभं राहून गाव सांगितला तर त्यात आमचं घर आलं. डॉक्टर माझी वही चाळत होता आणि मान हलवत होता. ज्यांना शिकवलं नाही ते लोक तसेच राहिले, म्हणाला, आणि सगळ्यांत चांगला निकाल आमच्या घरचा.

"आता जेवताना पाहतो, मग निघतो."

मायनं स्वयंपाक केला. चिंधूची मरळ होती. तिनं बापाची थाळी मांडली. लाल रंग धुऊन धुऊन उडाला होता, खूण तेवढी राहिली होती. भात वाढला, तुकडे वाढले, मुंडकं डावीकडं ठेवलं. माझं ताट वाढलं, डॉक्टरचं वाढलं. मग ती फळीकडं गेली आणि चंद्रकलेनं लाखनीवरून आणलेलं जर्मनचं, अॅल्युमिनियमचं, ताट काढलं. ते ताट तीन वर्षं फळीवर पालथं होतं. त्यात तिनं गंजातून भात घेतला. गंजाच्या बुडाचा नाही, वरचा. दोन तुकडे घेतले. आणि बापाच्या डाव्या बाजूला, जिथं रोज टक् करायला बसायची तिथंच, ताट घेऊन बसली आणि जेवायला लागली.

बापानं उजवीकडचा घास घेतला. मग मान डावीकडं वळवली, सवयीनं, लाल शोधायला. लाल दिसलं. त्याच्या पलीकडं ती दिसली.

हात थांबला.

"हे काय व?"

"जेवून राहिली."

"आत्ता?"

"हो."

"सगळ्याइच्या संग?"

"थंडं होते. जेवा तुम्ही."

डॉक्टरनं माझं कोपर दाबलं. "दिसली," तो हळूच म्हणाला. "पाह्यलं? स्वतःहून वळून पाह्यलं. ताटाच्याही पलीकडं पाह्यलं." त्याची पेन्सिल पळायला लागली.

मी थाळी उडायची वाट पाहत होतो. बापाचा उजवा हात चांगला होता, फेकू शकत होता. तो मायकडं पाहत राहिला. माय जेवत राहिली. तिनं मान वर केली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती, काहीच नव्हतं. तोंडात घास होता, तो ती चावत होती. बापानं थाळी फेकली नाही. याहून जास्त त्याच्या बाजूनं लिहायला माझ्याजवळ नाही. माणूस सुधरला असं मी लिहिणार नाही. त्यानं हात पुढं केला, डावीकडचं मुंडकं उचललं आणि खाल्लं. डोळ्याजवळचं मांस काढून, हाडं चोखून. काहीच सोडलं नाही.

"शेवटचा गोल काढ," डॉक्टर मला म्हणाला.

मी बापाच्या थाळीचा गोल काढला. कोरा. मग पेन्सिल खाली ठेवली नाही, बाजूला दुसरा गोल काढला. मायनं जास्त वाढून घेतलं होतं, सवय नव्हती, तिच्यानं सगळं संपलं नव्हतं. एका कडेला मूठभर भात उरला होता. तेवढं मी काळं केलं.

"हा कशाचा?" डॉक्टरनं विचारलं.

"मायच्या ताटाचा."

"तिचा नाही पाहिजे. ती पेशंट नाही." त्यानं निळ्या पेनानं त्या गोलावर आडवी फुली मारली. "पान खराब केलं ना बे."

वही बॅगेत गेली. जीप निघाली. मायनं दोन्ही ताटं उचलली. उरलेला भात तिनं कोठ्यात नेऊन बैलांना घातला.